तेजधारच्या पोटातलं सिमेंट

मित्रांनो, मी एक जुनी लढाऊ नौका आहे, नाव तेजधार, आणि गेल्या मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बोटीला डोकं कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! धक्का मला बसलाय, तुम्हाला नाही.

मी पोलादाची. लढाईवर दोनदा गेले. एकदा अंगावर गोळे झेलून परत आले, तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला होता. मिरवायची मला हौस आहे, खोटं कशाला बोलू?

म्हातारपणी मला बाळकुमजवळच्या खाडीत आणून बांधलं. शेजारी शिदोरी नावाची गस्तीची बोट. तिने जन्मभर किनाऱ्याने फेऱ्या मारल्या, वादळात सापडलेले कोळी बाहेर काढले. गोळी एकही झाडली नाही. रंग उडालेला, अंगभर गंज. मी तिला हसायचे.

आम्हा दोघींचा राखणदार मार्सेल. बाळकुमच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, घराणं मासेमारीचं. पण त्याचा जीव होता तो माझ्यावर. दर वर्षी होड्यांना आशीर्वाद द्यायला फादर खाडीवर आले, की तो त्यांना हाताला धरून माझ्याकडे आणायचा आणि पवित्र पाणी शिंपडायला लावायचा. शिदोरीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

एका वर्षी माझ्या तळाशी पाणी झिरपू लागलं. मार्सेलने काय केलं, तर घरच्या ओट्यासाठी आणलेली सिमेंटची गोणी खांद्यावर घालून आणली. त्यांच्या लाकडी होडीला गळती लागली की त्याचा बाप असाच तळाला सिमेंटचा थर द्यायचा, आणि होडी पुढे कितीतरी वर्षं चालायची. त्याची बायको बर्नाडेट काठावरून ओरडली, “अरे, ओट्याचा सिमिट कुठं घेऊन चाललास? तिच्याशीच लगीन करायचा होता ना!”

तो नुसता हसला. पाणी थांबलं. मला बाई केवढं कौतुक वाटलं त्याचं! मग दर दोन-तीन वर्षांनी तो थरावर थर देत राहिला.

यंदा शहराने ठरवलं, खाडीकाठी जुन्या नौकेचं संग्रहालय करायचं. पैसे एकीपुरतेच. दुसरी भंगारात जाणार. समितीचे अध्यक्ष श्रीपाद सर, निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांसमोर म्हणाले, “तेजधारच ठेवायची. लढाई पाहिलेली बोट आहे ती. तपासणी आपली नावापुरती.” कोपरच्या एका शाळेतल्या मुलांनी माझी चित्रं काढून पाठवली. मी अगदी हवेत! शेजारच्या शिदोरीला मी धीराचा एक शब्दही दिला नाही.

मंगळवारी ओहोटीच्या वेळी क्षिप्रा मॅडम आल्या. जहाजांच्या इंजिनिअर. हातात छोटा हातोडा. आधी शिदोरीत उतरल्या. टण्ण, टण्ण, टण्ण. “वरून गंजलीय, पण पत्रा जाडजूड आहे,” त्या म्हणाल्या.

मग श्रीपाद सर आणि मार्सेलला घेऊन माझ्या पोटात आल्या. “हे सिमेंट कसलं?” त्यांनी छिन्नी लावून कोपरा फोडायला सांगितलं. खपली निघाली. खाली पोलाद नव्हतंच, मित्रांनो! काळा ओला भुगा होता. त्यांनी हातोडा टेकवला मात्र, तो भसकन आरपार गेला आणि खाडीचा चिखल आत आला.

अरे देवा! गोळ्यांनी जे केलं नाही ते माझ्याच पोटात इतकी वर्षं गुपचूप चाललं होतं, आणि मला पत्ता नव्हता!

“लाकडाला चालतं हे. पोलादाला नाही,” मॅडम म्हणाल्या. “सिमेंटखाली पाणी अडकून राहिलं. तळ सगळा खाल्ला गेला. ही उचलायला गेलात तर दोन तुकडे होतील.”

श्रीपाद सर मार्सेलकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मार्सेलभाऊ, अहवालात ‘वयोमानामुळे’ एवढंच लिहू. तुमचं नाव नको.”

“नाय सर. मीनीच टाकला,” मार्सेल म्हणाला. “बुडू द्यायची नव्हती तिला, म्हनून टाकला. तसाच लिवा. नायतर उद्या कोन तरी शिदोरीत पन टाकंल.”

तसंच लिहिलं गेलं. शिदोरी राहणार, मी जाणार. मला तिचा हेवा वाटतो, मनापासून वाटतो. पण वादळातून माणसं परत आणणारी बोट मुलांना बघायला मिळेल, यात वाईट काय आहे, असंही आता वाटू लागलंय.

मित्रांनो, मार्सेलवर मी रागावू कशी? माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली नाही. तुम्हीही जुन्या वस्तूंवर माया कराच, फक्त ती वस्तू कशाची बनली आहे ते आधी जाणत्याला विचारा. आणि वरवर छान दिसतंय म्हणून आत बघायचं सोडू नका.

आज सकाळी तोडकामवाले आले होते. सिमेंट काढल्याशिवाय गॅसचा कटर चालवता येत नाही, म्हणाले. आमची माणसं लावतो, म्हणाले. मार्सेलने नकारार्थी मान हलवली आणि छिन्नी घेऊन एकटाच माझ्या पोटात उतरला. तेव्हापासून तो फोडतो आहे. मधेच थांबतो, तळहात माझ्या अंगावर ठेवतो, पुन्हा घाव घालतो. इतकी वर्षं त्याने मला कधी जोरात हात लावला नव्हता.

मार, मार्सेल. घाबरू नकोस. मला दुखत नाही रे.