पाळणा लांबवणारी गाठ

गाठवाल्या मायच्या दारात सकाळपासून लेकुरवाळ्या बायकांची रीघ लागायची. जिच्या कमरेला ती मंतरलेला दोरा बांधेल तिचा पाळणा लांबलाच, अशी ख्याती. ना गोळी, ना तांबी, ना ऑपरेशन. दोरा काळा, साधा, माझ्याच शिलाईच्या दुकानातून जायचा. त्याच दोऱ्याने मी लावलेली बटणं तुटतात, हे माझं कुठलंही गिऱ्हाईक सांगेल. मायच्या हाती गेला की मात्र त्याला सिद्धी चढायची.

गाठ मारताना माय डोळे मिटून बोलायची. "दैवाचं दार मी लावते, कडी तू सांभाळ. लेकरू रात्रंदिवस छातीशी. वरचं दूध नाही, पाणी नाही. तुझं दूध तुटलं, की माझी गाठ सुटली." आणि गुण यायचा, हे मी नाकबूल करत नाही. गल्लीतल्या कितीतरी जणी शपथेवर सांगायच्या.

माझ्या दुकानाला लागून इस्त्रीवाल्याचा ठेला. त्याच्या बायकोचं दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं, की घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: लगेच पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवाची हमी नाही, तांबी बसवून घ्या. सासूने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. तांबी म्हणे काळजापर्यंत चढते. सून मायकडून गाठ मारून आली.

बाळ बसायला लागलं. कपड्यांचे गठ्ठे वाढले, सून दिवसभर ठेल्यावर उभी. घरी सासू बाळाला बाटलीचं दूध आणि मऊ भात भरवू लागली. दोरा कमरेला होताच, पाळी अजून आली नव्हती. कुणाला शंकाही शिवली नाही. पोट दिसू लागलं तेव्हा सासू तिला मायपुढे घेऊन गेली. मायने दोरा चाचपला आणि ओल्या हाताने धरलास म्हणून तिलाच दोष दिला. ही युक्ती आम्हा शिंप्यांनाही येते. कपडा तोकडा झाला, की तुम्ही धुताना आटवलात म्हणायचं.

सून परत येऊन कॉलरवर इस्त्री फिरवत राहिली. एका दुपारी तिथेच तिच्या पायांवरून रक्त ओघळलं. तिने आधी इस्त्री उभी करून ठेवली, मग खाली बसली.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी दोरा कापून ट्रेमध्ये टाकला. रक्तस्राव थांबल्यावर बाहेर येऊन त्यांनी सासूला विचारलं, "चालत्या मुलाच्या आईला मारते का तुमची माय ही गाठ?"

"नाही. तिचं दार गंजलेलं असतं म्हणते. ओली बाळंतीणच लागते."

"आधी काय करायची ही माय?"

"सुईणीच्या हाताखाली होती."

"मग तिला पक्कं ठाऊक आहे. बाळ दिवसरात्र नुसतं अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल, तर पहिले सहा महिने बहुतेक बायकांना दिवस जात नाहीत. दोरा असो वा नसो. वरचं सुरू झालं, की तो भरवसा संपला. मग पाळी येण्याआधीही दिवस जातात. एवढंच सांगितलं असतं तर पुण्य लागलं असतं. आणि आजी, तांबी गर्भपिशवीत बसते. काळजाकडे जायला तिला वाट नाही."

गर्भ गेला होता. सून वाचली. ती खाटेवर भिंतीकडे बघत पडली होती. नवरा जवळ बसला तेव्हा वळून न बघता म्हणाली, "आता ऑपरेशन तुम्ही करून घ्या."

"अगं, त्याला ठेल्यावर उभं राहायचं असतं," सासू म्हणाली.

"मीही उभीच होते."

नवऱ्याने ऑपरेशन करून घेतलं, चार दिवसांनी ठेल्यावर आला. वीर्याची तपासणी होईपर्यंत निरोध वापरायला सांगितलाय, हेही त्याने मला न लाजता सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच. गुण आलेल्या बायका रस्त्यावर बोलतात, न आलेल्या खाटेवर गप्प असतात. नुसती जमा बाजू वाचून दुकानसुद्धा चालत नाही. इथे तर बाईचा जीव आहे. चमत्कार ऐकलात तर विचारा, तो कुणावर चालत नाही. आणि आपलं उत्तर मायच्या दारात नव्हे, दवाखान्यात मागा. बरोबर नवऱ्यालाही न्या.