प्रत्येक स्विचमागे सेव्ह

एकशे अठरावा स्विच तयार झाला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. योगिनीने कपाळावर हात मारून घेतला. दोनशे हवे होते, आणि एकला लोडशेडिंग.

अंबडच्या त्या ऑफिसातले हे नेटवर्कचे स्विच म्हणजे तारा खुपसायचे खरेखुरे डबे नव्हते. एकाच सर्व्हरच्या पोटात प्रोग्रामने बनवलेले, हात लावायला गेलं तर हवा. पुण्याची पार्टी एकच्या आत ते दुरून तपासणार होती. पसंत पडले तर वर्षभराचं काम नाशकात. नाही तर काम पुण्यात आणि योगिनी घरी, हे कुंदनसरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"सर, प्रत्येक स्विचमागे आपण आतापर्यंतच्या सगळ्या स्विचची अख्खी यादी सेव्ह करतो. यादी वाढतेय तसा वेळ वाढतोय. पहिल्या दहांना मिनिटसुद्धा लागलं नाही, आता एकेकाला मिनिटाच्या वर!"

"मागच्या वर्षी लाईट गेली आणि नव्वद स्विच उडाले, विसरलीस? एक केला की सेव्ह. नियम आहे."

"अहो, पण अशाने तीनसुद्धा वाजतील."

"मग जरा भराभर कर ना."

भराभर! जणू ती पोळ्याच लाटत होती. शेजारची दिशा हळूच म्हणाली, "ताई, सरांना चहाला धाडू?"

"धाड. लांबच्या टपरीवर."

सर जिना उतरले तशी योगिनीने प्रोग्राम थांबवला, दर फेरीतली सेव्हची ओळ काढली आणि अगदी शेवटी एकदाच ठेवली. मनात देवाचं नाव घेतलं आणि एंटर दाबलं. उरलेले ब्याऐंशी स्विच दीड मिनिटात झाले. शेवटच्या सेव्हला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत दिशा पंख्याकडे बघत राहिली, योगिनी पडद्याकडे. दोनशे!

पुण्याचा फोन आला तेव्हा सर चहाचा कप हातात घेऊन परतले होते.

"दोनशेच्या दोनशे, साहेब! आमच्याकडे शिस्तच तशी. एक स्विच, एक सेव्ह." फोन ठेवून ते वळले. "काम आपलंच! पुढच्या आठवड्यात पाचशे करायचेत. आणि ऐक, तेव्हा दर स्विचमागे दोनदा सेव्ह करू. धोका नको."

योगिनी खुर्चीतून उठली. आवाज न चढवता म्हणाली, "सर, चहा खाली ठेवा आणि इथे बसा. तुमच्या नियमाने पन्नासच करून दाखवा. मी बघते घड्याळ."