उडद्याचा रोट

…डबीचं झाकण आज नीट बसत नव्हतं. मसाल्याच्या डब्यातली जुनी स्टीलची डबी, एका अंगानं चेपलेली – सकाळी तिनं ती पनीरच्या तुकड्यांनी गच्च भरली होती आणि आता तळ दिसायला लागला होता. झाकण उघडताना 'टक्' असा आवाज झाला की उडद्याचे मागे गेलेले कान जरासे पुढे यायचे. पाच आठवड्यांत निदान एवढं तरी साधलं होतं. ज्योत्स्नानं झाकण अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातातली दोरी सैल सोडली. म्हणजे सोडली असं तिला वाटलं, कारण खाली पाहिलं तर दोरीचे दोन वेढे तिच्याच बोटांभोवती घट्ट बसलेले होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती.

फाटकाशी आणखी एक रिक्षा थांबली.

आज कानबाई, श्रावणातला देवीचा सण. सगळे भाऊबंद एका घरी जमायचे, आणि यंदा ते घर पिंप्राळ्यातलं, म्हणजे हितेंद्रचं, तिच्या धाकट्या भावाचं होतं. ओट्यावर चपलांचा ढीग झाला होता, आत चौरंगावर नारळाची कानबाई नथ लेवून बसली होती, आणि प्रत्येक येणारा मोठ्यानं हाका मारतच येत होता, कारण आपल्याकडे मुकाट्यानं आत येणाऱ्या पाहुण्याला भांडून आलाय समजतात. त्या प्रत्येक हाकेसरशी उडद्या तिच्या पायात शिरत होता. दहा महिन्यांचं काळंकुळकुळीत कुत्र्याचं पोर ते. जामनेरच्या रस्त्यावर कुणीतरी काठीनं बडवलेलं, एक बरगडी अजून हाताला वाकडी लागते. सिलेंडरवाल्याची पँट त्यानं मागच्या सोमवारी धरली, नुसती पँटच, पण हितेंद्र त्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला होता, "ताई, कानबाईला एकाला जरी दात लागला ना, तर सोमवारी विसर्जनाहून येता येता मी त्याला शेतात सोडून येईन." शेतात म्हणजे कुठे, ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही… घर त्याचं होतं.

घर त्याचं. हे तिला कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, सुलक्षणानं तर मुळीच नाही, ती गुणाची वहिनी. पण धुळ्याहून, सासरहून, परत आल्याला तीन वर्षं झाली तरी ज्योत्स्ना फ्रीज उघडताना आधी आजूबाजूला बघते, हे तिचं तिलाच ठाऊक.

कामिनीनं, जिच्याकडून पिल्लू आणलं त्या मुलीनं, तिला सगळं लिहून दिलं होतं. परक्या माणसानं त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. डोक्यावर हात न्यायचा नाही. तोंड दुसरीकडे करून बसायचं, खाऊ जमिनीवर ठेवायचा, आणि त्याचं तो येईल तेव्हा येऊ द्यायचं… "आणि ताई, दोरी सैल. तुम्ही घाबरलात की त्याला दोरीतून कळतं." मग महिनाभर ती ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्याला हे शिकवत होती. दूधवाल्याला शिकवलं. पोस्टमनला शिकवलं. भाजीवाली वच्छलाबाई पाटी उतरवून, तोंड भिंतीकडे करून पनीर ठेवायची आणि म्हणायची, "माय व, बठ्ठी गल्ली कामले लाई दिनी तू!" सगळ्या गल्लीला कामाला लावल्याचं ऐकून ज्योत्स्ना हसायची. हसता हसता एकदा तिच्या मनात आलं होतं – मी एकोणीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या त्या दिवाणखान्यात नवी सून म्हणून पाटावर बसले, तेव्हा अशी तोंडं कुणी फिरवली असती तर… सगळे बघत होते. सगळ्यांचे हात डोक्यावर. आणि वर म्हणत होते, लाजू नको, आपलंच घर समज.

"टक्." फाटकातून आलेल्या चुलतबहिणीनं सांगितल्याप्रमाणे दुसरीकडे बघत तुकडा टाकला, उडद्यानं मान लांबवून तो उचलला आणि पुन्हा पायात शिरला. ठीक. अजून ठीक. सतरा माणसं आली आणि कुणाला काही झालं नाही. ती मनात म्हणत होती, कानबाई माय, आजचा एवढा दिवस निभव, मग मी तुला… काय देणार होते मी तिला? माझ्या हातात होतं काय?

आत आरती सुरू झाली. तिला आवाजावरून सगळं दिसत होतं, आता हितेंद्र ताट फिरवतोय, आता सुलक्षणा नैवेद्याचे जाड रोट काढतेय. रोटासाठी गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ घेतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, घराबाहेर एक कण जायचा नाही. शेजाऱ्याला नाही, गड्याला नाही. आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचा देव्हारा दुसरा. रीत आहे ती, त्यात कुणाचा दोष नाही. पण दुसरा देव्हाराही ज्या लेकीचा राहिला नाही, तिचं काय करायचं ते रीत सांगत नाही. पहिल्या वर्षी ताटं मांडताना ती चहाची भांडी घासायला मागं गेली. दुसऱ्या वर्षी डोकं दुखलं. यंदा तिला निमित्त शोधावं लागलं नाही, कुत्र्याला धरून ओट्यावर बसायचंच होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला वाटलं की हे पिल्लू मी नेमकं कशासाठी आणलं… तिला तो विचार आवडला नाही.

तेवढ्यात काठी वाजली.

कौतिकनाना. वडिलांचे थोरले भाऊ, आता भाऊबंदांत सगळ्यांत वडील, दोंडाईच्याहून गाडी उशिरा आली म्हणून मागून आलेले. डोक्यावर टोपी, हातात काठी. काठी! तिच्या लक्षातच आलं नव्हतं. उडद्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला, ओठ वर गेला, आणि आजवर तिनं कधी न ऐकलेला खोल आवाज त्याच्या छातीतून निघाला. तिनं दोरी आवळली. आवळू नये हे माहीत असून आवळली.

"नाना, काठी… काठी तिथंच ठेवा. आणि त्याच्याकडं बघू नका."

नानांनी काही न विचारता काठी फाटकाला टेकवली, खांबाला धरत धरत आले आणि ओट्यावर तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसले, तोंड रस्त्याकडे करून. "मी बी नवाच शे आठे," एवढंच म्हणाले, जणू उडद्याइतकेच तेही इथं नवे. सुलक्षणानं त्यांचं ताट बाहेर आणून दिलं, त्यांच्यानं खाली मांडी घालून बसवत नाही म्हणून. ताटात खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि मधोमध रोट.

ज्योत्स्नानं डबी पुढे केली. "त्याला यातलं द्या." झाकण उघडलं. टक्. डबी रिकामी होती.

उडद्याचे कान मात्र पुढे आले होते. आवाजाला भुलून तो एक पाऊल पुढे झाला, आता डबीत काही नव्हतं आणि पुढे एक पाठमोरा म्हातारा होता. नानांनी रस्त्याकडे बघतच रोटाचा तुकडा मोडला आणि तळहात मागे नेला.

"नाना!" सुलक्षणा दारातच थिजली. "रोट आहे तो."

"बठ्ठासले भेटना," नाना शांतपणे म्हणाले, "मंग याले काबर नही? घरना शे ना हाऊ?" सगळ्यांना मिळाला, मग ह्या घरच्याला का नाही – ज्योत्स्नानं ते मनात पुन्हा म्हटलं.

हितेंद्र सुलक्षणाच्या मागे येऊन उभा राहिला होता. नानांना बोलणार कोण? उडद्यानं मान लांबवली, हुंगलं, आणि परक्या माणसाच्या हातातून, थेट हातातून, तुकडा उचलून खाल्ला. मग तळहात चाटला. शेपूट हललं, अगदी थोडं. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, पाच आठवडे ती ह्याच एका क्षणासाठी बसून होती. सोमवारचं शेत टळलं. आणि त्याच पाण्यात दुसरंही काही मिसळलं होतं, कडवट, लाज वाटावी असं. महिनाभरापूर्वी आलेल्या कुत्र्याला रोट मिळाला. मी ह्याच घरात जन्मले.

नानांनी दुसरा तुकडा मोडला. तो त्यांनी उडद्याला दिला नाही. ताटाच्या कडेला ठेवला, तिच्या बाजूच्या कडेला, आणि तोंड पुन्हा रस्त्याकडे फिरवलं. तिच्याकडे न बघता मान ताठ धरून बसून राहिले. तो तुकडा तिच्यासाठी होता की पुन्हा कुत्र्यासाठी, की नाना नुसते दमले होते? दारात दोघं उभी होती.

दोरी केव्हाच हातातून सुटली होती, फरशीवर पडली होती. तुकड्यापर्यंतचं अंतर हातभर. माझा हात मांडीवरून हलत नव्हता, आणि सकाळपासून, कदाचित तीन वर्षांपासून, आपल्याला केवढी भूक लागली आहे हे मला आत्ता कळत होतं.