टेबल, एक

परक्याच्या घरात शिरून शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचलायचं, ही कुठली रीत? बरं, उचललं ते उचललं, वर आत डोकावून कागदावर टिपायचं, की शिजलेलं आहे. घरात पाऊल टाकल्यापासून त्या सरकारी पाहणीवाल्याचं असंच चाललं होतं. गल्लीत जिला सगळे मुकादमीण म्हणत, ती म्हातारी लॉजच्या चादरींना इस्त्री करता करता त्याच्यावर नजर ठेवून होती. हात थांबवावा एवढा काही तो मोठा लागून गेला नव्हता.

पण त्याला दुखवून चालणार नव्हतं. घर गरिबीच्या रेषेखाली निघालं, तरच नातीची कॉलेजची फी माफ होणार होती. नातीला फार्मसी शिकायची होती. लेक गोदामात हमाली करायचा. त्याने सकाळपासून आईला बजावून ठेवलं होतं, की आज तोंडाला कुलूप.

पाहणीवाला तरुण होता, घामाघूम झालेला. पंखा किती, खाणारी तोंडं किती, अंथरुणं किती, सगळं विचारून झालं. पुस्तकांचं, बसच्या पासचं, शिकवणीचं, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाचं त्याने नावही काढलं नाही. मुकादमिणीला राहवेना. तिने विचारलंच. तर म्हणाला, त्याला रकाना नाही, आजी.

मग तो आतल्या खोलीत गेला. खिडकीखाली नात पुस्तकात डोकं घालून बसली होती. टेबल, एक, असं लिहून त्याने गुणांची बेरीज केली आणि तोंड पाडलं. घर रेषेच्या वर गेलं होतं. अगदी केसभर, पण वर.

लेक घाईघाईने सांगू लागला, की अहो, हे टेबल कसलं, हे न्हाणीघराचं दार आहे, विटांवर टाकलेलं. खरंच होतं ते. मांडीवर वही घेऊन लिहिता लिहिता पोरीची पाठ धरायला लागली, तेव्हा मुकादमिणीनेच बिजागऱ्या काढून दार आत आणलं होतं. न्हाणीघराला फाटकी चादर टांगली. तेव्हापासून आत कोणी असलं, की बाहेरच्याला कळावं म्हणून गाणं म्हणायचं, असा घरात कायदा होता. लेकाला गाणं येत नव्हतं. तो नुसता खोकायचा.

पाहणीवाल्याने वाकून विटा पाहिल्या. माणूस दगड नव्हता. हळू आवाजात लेकाला म्हणाला, कोणी त्यावर वह्या मांडून बसलं, की आमच्या हिशेबी ते टेबलच. मी संध्याकाळी पुन्हा चक्कर मारतो. तोवर दार जागच्या जागी लागलेलं दिसलं, पुस्तकं शेजारी गेली, तर खोडून टाकतो.

लेकाचा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच पुस्तकं गोळा करायला घेतली. नात पेन हातात धरूनच उठली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, चोरी पकडली गेल्यासारखी.

ते मात्र मुकादमिणीला बघवेना. इस्त्री उभी ठेवून ती आत आली. लेकाच्या हातातली पुस्तकं काढून तिने होती तशी मांडली, खांद्याला धरून नातीला खाली बसवलं. लेक काकुळतीला आला, आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस. फी भरायची तर आणखी एका लॉजच्या चादरी धराव्या लागतील, हे तिच्या पाठीला आधीच कळलं होतं. तिने लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पाहणीवाल्याकडे वळली.

“बाबा, तू माणूस वाईट नाहीस, पण तुझी दया मला नको. पोरीला शिकायला मदत हवी, तर ती शिकतच नाही असं दाखवायचं? माझ्या घरात हे व्हायचं नाही. टेबल लिही, चांगलं ठसठशीत लिही. आणि तुझ्या साहेबाला सांग, पोट भरलेलं दिसलं की पोर शिकली असं ज्याला वाटतं, त्याला भेटायला म्हातारी उद्या ऑफिसात येतेय. चादरी घेऊन येईन, इस्त्री तिथेच करीन, पण उत्तर घेतल्याशिवाय उठायची नाही.”