काकूंना कुणी विचारलंच नाही

मित्रांनो, गाडीतून बाहेरगावी नेतात, उघड्या माळावर मांडतात आणि निघताना घडी घालून ठेवतात, तसलं मी एक टेबल आहे. आता माझा रंग उडाला आहे, एक कोपरा पिचला आहे. माझी उंची म्हणाल तर मोठ्या माणसाच्या गुडघ्याला जेमतेम लागेल एवढीच. हे वाचून तुम्हाला माझी कीव यावी असं मला मुळीच वाटत नाही. मला राग आलेला आहे. तो कुणाचा आणि कशासाठी, तेवढं तुम्ही ऐकून घ्या.

एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. हलक्या धातूच्या नळ्या कापून माझे पाय केले, वर पातळ पट्ट्या बसवल्या. पाय उघडले की ते तसेच उभे राहावेत म्हणून प्रत्येक पायाला प्लास्टिकचा एक लहानसा खटका लावला. माझे सांधे रिबिटांनी, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी, ठोकून जोडणाऱ्या बाई हाताने जलद आणि तोंडाने फटकळ होत्या. त्यांनी तो खटका बोटाने दाबून पाहिला आणि सुपरवायझरला हाक मारली.

"साहेब, हा नुसता बोटानं सुटतोय. कुणी जोर दिला तर पाय मुडपेल."

"बाई, तुम्ही रिबिट मारा. खटक्याचं बघायला वरती माणसं आहेत."

"वरती? वरती तर पत्रा आहे," बाई म्हणाल्या.

आजूबाजूचे हसले. सुपरवायझर हसला नाही. त्याने माझ्या पोटावर 'भार : ५० किलो' असं चकचकीत लेबल चिकटवलं आणि मला पुढे ढकललं. माझ्याच अंगावर माझ्याविषयी खोटं लिहिलं होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. माझ्या रागाची सुरुवात तिथून आहे.

दुकानात मला जमिनीवर ठेवलं नाही. कमरेएवढ्या उंच फळीवर हिरवी प्लास्टिकची हिरवळ अंथरून तिच्यावर मला उभं केलं आणि वर दोन रिकामे कप ठेवले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी उंचच्या उंच दिसायचो. बुटक्याला माडीवर उभं करून उंच म्हणायचं, असला तो प्रकार!

एके सकाळी तिथे एक जोडपं आलं. काका तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन आत झोपायची फळी ठोकली होती आणि आता दोघांनी मिळून फिरायचं असं ठरवलं होतं. काकूंनी तेवढीच वर्षं एका मोठ्या लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केली होती. त्यात त्यांचे गुडघे गेले होते. दुकानाची एक पायरी चढतानासुद्धा त्या दाराची चौकट धरायच्या.

काकांनी खिशातून टेप काढला, माझी घडी मोजली आणि खूश झाले. "सीटमागच्या फटीत हेच बसतं!"

"अहो, पण हे खाली ठेवल्यावर केवढं होतं?" काकूंनी विचारलं. "जरा उतरवून दाखवायला सांगा ना."

विक्रेता गोड हसला. "काकू, बाहेर गेल्यावर सगळे खालीच बसतात. मजा तर त्यातच असते."

"माझे गुडघे मजेचे राहिले नाहीत, बाबा."

तो पुन्हा हसला आणि काकांकडे वळला. "काका, वजन बघा. एका बोटावर उचला!"

काकांनी उचललं. काकूंनी विचारलं, "याच्यावर शेगडी चालेल का? भार किती पेलतं?" विक्रेत्याने माझ्या पोटावरच्या लेबलाकडे बोट दाखवलं. "तू फार विचार करतेस," काका म्हणाले आणि मला बांधायला सांगितलं. काकू गप्प बसल्या. मीही गप्पच होतो, पण माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं. त्यांच्याजवळ होतं. पण ते इतक्या वेळा बंद केलं गेलं होतं की आता ते आपोआप मिटायचं.

त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो. तळ्याकाठी, टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्राच्या वाऱ्यात. काका आपल्या ठेंगण्या खुर्चीत ऐसपैस बसायचे, माझ्यावर कप ठेवायचे, पाय लांब करायचे. काकू व्हॅनच्या मागच्या दाराला टेकून, ताट हातात धरून, उभ्याने जेवायच्या.

"बस की गं जरा!"

"बसले तर उठवणार कोण?"

काकांना तो विनोद वाटायचा. शेजारी दुसरी कुणाची गाडी येऊन थांबली की काका मला दोन मिनिटांत घडी घालून, उलगडून दाखवायचे. लोक म्हणायचे, "वा, झकास टेबल आहे!" इतर वस्तूंना कौतुकाने गुदगुल्या होत असतील. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला जायची. अहो, ज्या बाईसाठी मी असायला हवं होतं, ती तुमच्या पाठीमागे उभी राहून जेवते आहे, तिच्याकडे कुणीतरी बघा!

स्वयंपाक मात्र काकूंचाच. त्यासाठी त्या जाड घोंगडी दुमडून तिच्यावर गुडघे टेकायच्या आणि माझ्यावर शेगडी मांडायच्या. अशी दोन वर्षं गेल्यावर, एका दुपारी, तळ्याकाठच्या ओलसर जमिनीवर माझा एक पाय जरा रुतला होता. शेगडीवर चहाचं पाणी खळखळत होतं.

"अहो, तेवढा चहाचा डबा द्या गाडीतला."

"हो, देतो," काका म्हणाले आणि दुर्बिणीतून पाखरं बघत राहिले.

काकूंनी वाट पाहिली. मग पुन्हा हाक मारली. मग शेगडी बारीक केली, दोन्ही तळवे माझ्या कडेवर ठेवले आणि उठण्यासाठी जोर दिला. मी जीव खाऊन ताठ राहिलो, मित्रांनो. पण खटका सुटला. पाय मुडपला, मी कलंडलो आणि उकळतं पातेलं त्यांच्या डाव्या पायावर उपडं झालं.

त्यांच्या किंकाळीने पाखरं उडाली. काका धावत आले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे : "कळत नाही का तुला? टेबलावर रेटा देऊन उठतात का कुणी?"

काकू ओल्या जमिनीवर बसल्या होत्या. पायाची कातडी लालभडक झाली होती. त्यांनी मान वर केली.

"मग कशावर रेटा देऊन उठू? तुमच्यावर? मी दोनदा हाक मारली. मी दुकानातही सांगत होते. दोन वर्षं मी उभ्याने जेवतेय, तुम्हाला एकदा तरी दिसलं का?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पाण्याचा कॅन आणून काकूंच्या पायावर हळूहळू ओतला, त्यांना धरून गाडीत बसवलं आणि थेट दवाखान्यात नेलं. जाण्याआधी त्यांनी मला एक लाथ घातली आणि गाडीत फेकलं. मी लाथेच्या लायकीचा होतो की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर त्या लाथेच्या लायकीच्यांची मोठी रांग होती आणि मी त्या रांगेत सगळ्यात शेवटी होतो. तरी काकूंना भाजलं ते माझ्यामुळेच, हे मी विसरलेलो नाही.

जखम भरायला दीड महिना लागला. व्हॅन दारातच उभी राहिली. एक दिवस काका म्हणाले, "जाऊया ना गं कुठेतरी." काकू म्हणाल्या, "येईन. पण टेबल मी निवडणार. तुम्ही फक्त गाडी चालवायची."

त्या मला घेऊनच त्या दुकानात गेल्या. एकेक टेबल जमिनीवर मांडायला लावलं. प्रत्येकाशी खुर्ची ओढून बसल्या, गुडघे आत जातात का ते पाहिलं, मग दोन्ही हातांनी कडेवर जोर देऊन उठल्या. पाण्याचे दोन भरलेले कॅन वर ठेवले आणि टेबल हलवलं. एका पायाखाली जाड वही सरकवली आणि दुसरे पाय स्क्रूने उंच करता येतात का ते तपासलं. तासभर हे चाललं. विक्रेता घामाघूम झाला.

"काकू, टेबल घ्यायचंय की सून बघायचीय?"

"सून नाही पटली तर ती निघून तरी जाईल. टेबल बिचारं कुठे जाणार?"

त्याने काकांकडे पाहिलं. "काका, आता तुम्हीच सांगा."

काका म्हणाले, "जेवायला तिला बसायचंय. तिलाच विचार."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. केवढं लहानसं वाक्य! पहिल्याच दिवशी बोलले असते तर त्यांच्या जिभेला काय काटे टोचले असते?

काकूंनी उंच, रुंद आणि माझ्यापेक्षा दुप्पट जड टेबल निवडलं. मला परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. "वापरलेला माल आहे, आणि खटका आम्ही बनवत नाही." तेव्हा काकूंनी त्याचंच बोट धरून माझ्या खटक्यावर ठेवलं. "दाब." त्याने दाबलं. पाय मुडपला. हिरवळीवर माझी चार भावंडं अजून दिमाखात उभी होती. काकूंनी ती चारही त्याला खाली जमिनीवर उतरवायला लावली, लेबलं नखाने खरवडून काढली आणि म्हणाल्या, "आता विक. जसं आहे तसं दाखवून विक."

मला त्यांनी व्हॅन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे दिलं. त्याने मला जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी दाबलं, मान हलवली आणि सगळे खटके उपटून फेकले. त्यांच्या जागी जाड नट-बोल्ट घट्ट बसवले. त्यामुळे आता माझी घडी होत नाही. तो गाडीखाली उताणा पडून काम करतो आणि हात लांब करून माझ्यावरचा पाना उचलतो. त्याच्या हाताला माझी उंची अगदी बरोबर येते. या जगात मी कुणाच्या तरी मापाचा आहे हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी प्रवासासाठी माझ्यासारखं टेबल घ्यायला जाल. ते किती हलकं आहे आणि कुठल्या फटीत बसतं हे जरूर बघा. पण त्याआधी घरातलं जे माणूस खाली बसून उठू शकत नाही, त्याला बरोबर न्या. टेबल जमिनीवर ठेवा, त्या माणसाला बसवा, उठू द्या आणि ते काय म्हणतं ते मध्ये तोंड न घालता ऐका. विक्रेता हसला तर हसू द्या. घरातलं कुणी 'फार विचार करतेस' म्हणालं तर त्याला घटकाभर गप्प बसवा.

लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं, राग गिळावा. मी नाही गिळणार. काकूंच्या डाव्या पायावर तो डाग अजून आहे.