मधलं बटण

सॅम्पलर वाजवणं कोणालाबी येतं. बोट आपटलं की ढोलकी, बोट आपटलं की हलगी, त्यात काय मोठं? खरी कारागिरी आवाज बंद करण्यात असते. हे मी आमच्या बँजो पार्टीतल्या पोरांना सांगून सांगून थकलो होतो, पण त्यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

मी प्रेमदास. आमचा बंजाऱ्यांचा तांडा जवळा बाजारच्या अलीकडं. २००५ साली नांदेडहून एक जुना सॅम्पलर आणला, पाटीएवढा डबा. वर रबराची आठ पॅडं, प्रत्येकात एकेक आवाज भरलेला. बंद करायच्या तीन युक्त्या मी माझ्या डोक्यानं काढल्या. पहिली, माईकची वायर काढून नुसती शांतता रेकॉर्ड केली अन् आठव्या पॅडवर बसवली. एका गटातलं एक पॅड वाजलं की दुसरं आपोआप गप्प होतं, म्हणून आठवं दाबलं की सगळं थंड. वऱ्हाडी एक पाय उचलून उभे, अन् मी हसून राहिलो. दुसरी, पॅड असं लावायचं की बोट आहे तोवरच आवाज, बोट उचललं की तुटला.

तिसरी माझी लाडकी. डब्याला तीन फिरवायची बटणं होती, एक जाड आवाजाचं, एक मधल्याचं, एक बारीकाचं. माईक डब्यातून न्यायचा अन् मधलं बटण मागं फिरवायचं, की माणसाचे शब्दच गायब. धापा अन् हुंदके तेवढे उरतात. एका पुढाऱ्याचं भाषण मी असं उडवलं होतं, लोकांना वाटलं साहेबाला सर्दी झाली. पोट धरून हसलो होतो आम्ही. आता त्याच बटणाचं पाप सांगायला बसलो.

निलम माझी लहान बहीण. बाप गेल्यापासून घरात धनसिंगकाकाचं चालायचं. काकानं तिचं लग्न शिरड शहापूरकडच्या देविदासशी ठरवलं, अन् त्याच्या धाकट्या भावाला स्वतःची पोरगी पुजा द्यायचंबी पक्कं करून टाकलं. लग्नाला आठ दिवस असताना निलमला बाजारात पंचफुला नावाची बाई भेटली. देविदासला आधीची एक बायको होती, ती या पंचफुलाची बहीण. मारून, मनगट मोडून तिला माहेरी टाकलेली. निलमनं काकाला सांगितलं. काका म्हणला, "जळणारे लोक आहेत, कान देऊ नको."

मग ती माझ्याकडं आली. "भिया, मी ढावल्यात सांगणार."

ढावलो म्हणजे आमची नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते ते. मनात असेल ते गाते. एरवी पंचांपुढं पोरीनं तोंड उघडलं तर काका आडवा आला असता, पण ढावल्यात पोरीला कोणी थांबवत न्हाई, ही रीत. अन् आमच्या तांड्यात फेऱ्यांच्या आधी नवरदेवावर कोणी बोट ठेवलं, तर नाईकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, फेरे थांबवून पंचायत बसवावीच लागते. नाईक अन् पंच बसणार लांब, लिंबाखाली, पाहुण्यांच्या मांडवात. तिथवर तिला माझा माईकच नेणार होता.

"तेवढा माझा आवाज लिंबाखाली पोचव," ती म्हणली. "बाकी मी बघते."

"पोचवतो की," मी म्हणलो. "माझ्या डब्यावर भरोसा न्हाई का?"

काकाला कुठून वास लागला देव जाणे. लग्नाच्या दिवशी मी वायरी जोडत होतो, तर शेजारी येऊन बसला. "प्रेमदास, ती काही बोलली तर दोन्ही पोरींची लग्नं मोडतील. पुजानं काय वाकडं केलं? अन् पंचांनी समजूत घालून लग्न लावलंच, तर शेवटी तिला तिथंच नांदायचं. चारचौघांत इज्जत काढल्यावर ते तिला सुखानं राहू देतील? तुला शब्द खाता येतात ना?"

मला राग आला. काकाचा न्हाई, निलमचा आला. काहून एवढं वाढवून राहिली, असं वाटलं. खरं सांगायचं तर मी भ्यालो. ज्यानं पोसलं त्याच्यापुढं माझी जीभ उचलली न्हाई.

मीच माईक तिच्या ओढणीला अडकवला. ती आधी याडीच्या, आमच्या आईच्या, गळ्यात पडली. "याडी, ज्यानं एकीचं मनगट मोडलं, त्याच्या हातात माझा हात देऊ नको." मी चार पावलांवर होतो, मला शब्द न् शब्द कळला. मधलं बटण मागं होतं, खालून ढोलकी सोडलेली होती. लिंबाखालच्या भोंग्यातून नुसतं रडण्याचं हियाऽ हियाऽ गेलं. याडीला सगळं माहीत होतं, पण तिचं कोण ऐकतं? मग मावशी, मग आत्या. निलमनं त्या पहिल्या बाईचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, तीनतीनदा घेतलं.

शेवटी माझ्या गळ्यात पडली. माझा एक हात तिच्या पाठीवर, दुसरा बटणावर. रडता रडता कानाशी म्हणली, "भिया, माझा आवाज जातोय ना तिकडं?"

"जातोय," मी म्हणलो.

तिनं डोळे पुसले अन् लिंबाकडं पाहत उभी राहिली. आता नाईक उठेल, म्हणून. नाईक रुमालानं नाक पुसत होता. पोरगी काय रडते, काळीज हलवलं, असं कोणीतरी म्हणल्याचं मला मागून कळलं. ती बराच वेळ उभी होती. तेव्हाबी वेळ गेली नव्हती, बटण पुढं करायला एक बोट लागतं. मी केलं न्हाई. मग बायकांनी तिला फेऱ्यांना नेलं.

त्याला आता चार वर्षं झाली. त्या दिवसापासून निलमनं तांड्यात पाय ठेवला न्हाई. याडी आणायला गेली तर म्हणली, "दोनशे माणसांनी ऐकलं, एक उठला न्हाई. तिथलं पाणीबी मला नको." वसमतच्या बाजारात नाईक समोर आला तर तोंड फिरवून गेली. बिचारा मला विचारतो, "प्रेमदास, आपल्या निलमचं आम्ही काय वाईट केलं रे?"

माझ्यावर मात्र तिचा राग न्हाई. दर राखीला मी तिच्या घरी जातो. डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाई आता, देविदासच्या हातानं गेला, म्हणून मी उजवीकडं बसतो. यंदा राखी बांधताना म्हणली, "अख्ख्या तांड्यात तू एकट्यानं माझी बाजू घेतली, भिया."

मी मान डोलावली अन् पेढा खाल्ला.