एका वेळी एकच गोष्ट

"मी आधीच म्हटलं होतं, दुसरा एक कॅमेरा असू दे म्हणून. पण या घरात माझं ऐकतंय कोण? मी आपला बॅगा उचलायला."

ही कुरकुर माझ्या कानापासून वीतभर अंतरावर चालली होती. मी स्टुडिओतल्या टेबलाखाली अर्धी शिरून कार्ड रीडरची वायर संगणकाच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घालत होते, आणि आमचे हे मदतीला म्हणून शेजारी उकिडवे बसले होते. मदत म्हणजे मोबाइलची बॅटरी धरणं. तीही थेट माझ्या डोळ्यांवर.

"उजेड तिकडे पाडा. भोक माझ्या नाकात नाहीये."

"काही झालं का?"

मी बाहेर येऊन स्क्रीन बघितली. "रीडर दिसतोय. कार्ड दिसत नाहीये."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दारात कुणीतरी आलंय हे त्याला कळतंय, पण आलेल्याचे हात रिकामे आहेत म्हणतोय."

"रीस्टार्ट कर."

संगणकाबद्दल यांना जे काही येतं ते या दोन शब्दांत मावतं. माझं दोनदा करून झालं होतं, हे मी सांगितलं नाही. संसारात काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

टपालाच्या तिकिटाएवढ्या त्या कार्डात माझ्या नणंदेचं लग्न होतं. अख्खं. आदल्या दिवशी सकाळी नोंदणी कार्यालयात झालेलं. घरातल्या सगळ्यांनी विषय काढणं सोडून दिल्यावर, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, तिने कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याशी लग्न ठरवलं आणि आम्हांला सांगताना अशी लाजली की यांनी आधी तिला बरं नाही असं समजून खुर्ची पुढे केली. तिची अट एकच होती. फोटो बाबा काढतील. बाकीच्यांनी फोन खिशात ठेवायचे. "लग्न आहे माझं, अपघात नाही, दिसेल त्याने फोन वर करायला," असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. त्यामुळे त्या लग्नाचे फोटो जगात एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण रिकामं आहे असं माझा संगणक म्हणत होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. हा स्टुडिओ त्यांचा. गल्लीत त्यांना फोटोमास्तर म्हणतात. पण गेलं वर्षभर फोटो आमचे हेच काढतात आणि बाबा खुर्चीत बसून सूचना देतात. "हनुवटी जरा वर," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात, फक्त सांगताना बघतात गिऱ्हाइकाशेजारी दिव्याला लावलेल्या पांढऱ्या छत्रीकडे. गिऱ्हाईक बिचारं मुकाट्याने हनुवटी वर करतं. आम्हीही मुकाट. एकदा बाबा म्हणाले, "हल्ली बल्ब मंद येतात," तर यांनी दुसऱ्या दिवशी घरातले सगळे बल्ब बदलून मोठे लावले. पुन्हा म्हणाले, पुन्हा बदलले. आता आमच्याकडे संध्याकाळी एवढा उजेड असतो की समोरच्या घरातले लोक आमच्या दिव्यावर पेपर वाचतात.

चष्मेवाल्याने तर पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. मोतीबिंदू. पिकलेला, काढायला सोपा. नणंद म्हणाली, "मग सांगा ना बाबांना." तो म्हणाला, "मी? मी मुलीला मागणी घालायला आलोय गं, डोळे तपासायला नाही. त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही." बाबा म्हणत नव्हते. आम्हीही म्हणत नव्हतो. ज्या माणसाने आयुष्यभर डोळ्यांवर घर चालवलं, त्याला हे कुणी सांगायचं?

तर असा पेच होता. कार्ड उघडलं नाही तर नणंदेच्या लग्नाचा एकही फोटो नाही. उघडलं तर फोटोच सगळं बोलून टाकणार, कारण बाबांना आपोआप फोकस होणारी लेन्स चालत नाही. ती आळशांसाठी असते. ते आपली जुनी लेन्स चढवतात आणि फोकस नजरेने जमवत तिची कडी हाताने फिरवतात. यांना दोन्हीची भीती वाटत होती, आणि दोन्ही भीत्या मिळून माझ्या कानाशी कुरकुरत होत्या.

मी पुन्हा खुर्चीत बसले. आमचा संगणक जुना आहे. विकतची नवी सिस्टिम त्याला झेपेना, तेव्हा मी त्याच्यावर लिनक्स टाकलं. फुकटचं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. शिकवायला कुणी नव्हतं. इंटरनेटवर एक चावडी आहे, तिथे कुठकुठले अनोळखी लोक एकमेकांच्या अडचणी सोडवत बसतात. मी पहिल्यांदा तिथे प्रिंटर चालत नाही म्हणून गाऱ्हाणं मांडलं, तर एकाने फार अदबीने विचारलं, बाई, प्रिंटरचं बटण चालू आहे ना? नव्हतं. त्याच माणसाने मला पुढे एक गोष्ट शिकवली. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबून बघायचं. दोन बदलल्यात तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही. मी हे नंतर स्वयंपाकाला लावून बघितलं, यांनाही लावून बघितलं. स्वयंपाक सुधारला.

मी काळी खिडकी उघडली. तिच्यात संगणक स्वतःशी बोलत असतो. काय आलं, काय गेलं, सगळं. रीडर काढून लावला तर भराभर ओळी पडल्या, म्हणजे तो पोचला. कार्ड आत सरकवल्यावर कार्ड केवढं आहे ते सांगणारी आणखी एक ओळ यायला हवी. नाही आली. पुढच्या भोकात बघून झालं होतं, मागच्या भोकातही तेच. मग खणातलं दुसरं कार्ड काढलं आणि त्याच रीडरमध्ये घातलं. टुणकन ओळ आली, आणि कुणातरी अनोळखी माणसाचे पासपोर्टचे फोटो पडद्यावर उघडले. हनुवटी वर.

"म्हणजे तुझी फुकटची सिस्टिम ठीक आहे?" यांनी जरा निराशेनेच विचारलं.

"सिस्टिम ठीक, रीडर ठीक, भोक ठीक. दोष या कार्डात आहे."

"कॅमेऱ्यात घालून बघू?"

"कॅमेरा चार्जिंगला लावलाय. बाबांनी काल बंद न करताच कपाटात ठेवला होता, बॅटरी ठार रिकामी आहे."

"मग गेलं," हे म्हणाले आणि छत्रीखाली स्टुलावर बसले. चेहऱ्यावर दुःख होतं, आणि दुःखाच्या मागे, कुणी बघत नाही ना असं डोकावणारी थोडी सुटका होती. मी बघितली. त्यांनी मी बघितल्याचं बघितलं. आम्ही दोघांनी विषय बदलला.

तेवढ्यात नवरा-नवरी आली. नणंदेच्या हातात बिस्किटांचा पुडा आणि तोंडात वाक्य तयार होतं. "वहिनी, दाखव पटकन! कशी दिसत होते मी? आरशावर माझा विश्वास नाही, आणि यांच्यावर तर अजिबात नाही."

"कालपासून नाही," चष्मेवाला म्हणाला. "परवापर्यंत होता."

तिचा आवाज ऐकून बाबा आतून आले, भिंतीला बोटं लावत. हल्ली बाबा भिंतीला धरून चालतात, असं कुणी म्हणत नव्हतं.

"घाई कसली एवढी?" खुर्चीत बसत बाबा म्हणाले. "फिल्मच्या काळात लोक लग्नाच्या फोटोंसाठी महिनाभर थांबायचे. काही लग्नं तेवढी टिकायचीही नाहीत. सूनबाई, उघडलं ना कार्ड? मी व्यवस्थित बंद करून दिलंय."

बंद करून म्हणजे काय ते सांगायला हवं. रोल संपला की त्याच्या कागदाला एक गोंदाची पट्टी असायची. ती जिभेने ओली करून चिकटवली की रोल बंद. त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. रोल गेले, कार्डं आली, पण बाबांची सवय गेली नाही. भरलेल्या कार्डाच्या वरच्या बाजूला, जिथे कंपनीचा कागद असतो तिथे, ते पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि नखाने कडेने कापून घेतात. आम्ही तो काढतो आणि मग कार्ड वापरतो. कार्ड हातात आल्यावर पहिल्यांदा मी तेच बघितलं होतं. वरची बाजू कोरी होती. बाबा या वेळी विसरले, असं वाटून मला उगाच भरून आलं होतं.

"चिकटपट्टी काढलीस ना?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा," मी म्हटलं. खोटं बोलायची आमच्याकडे आता घडी बसली होती.

"जरा अडकलंय कार्ड," हे म्हणाले. "होईल."

"बघू," म्हणून चष्मेवाल्याने खिशातून भिंग काढलं. हा माणूस लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही खिशात भिंग घेऊन फिरतो. त्याने ते एका डोळ्याला लावलं आणि कार्ड पालटून उजेडात धरलं. मग भिंग माझ्याकडे दिलं.

"वहिनी, इथे बघा," तो अगदी हळू म्हणाला.

चिकटपट्टी होती. मागच्या बाजूला. जिथे कार्डाचे सोनेरी दात असतात, ज्यांनी ते संगणकाशी बोलतं, बरोबर त्यांच्यावर. नीट बसवलेली, कुठे बुडबुडा नाही, कडा नखाने सरळ कापलेल्या. इतकी सफाईदार की दिसूच नये. सवय पक्की, हात पक्का, फक्त बाजू चुकलेली. आणि बाजू का चुकली ते आम्हां दोघांना, भिंगाच्या अलीकडे-पलीकडे, एकदमच कळलं.

मी नखाने पट्टी सोलली, फडक्याने डिंक पुसला आणि कार्ड आत सरकवलं. काळ्या खिडकीत ओळ आली.

"आलं!" मी ओरडले. नणंदेने टाळ्या वाजवल्या. हे स्टुलावरून उठले आणि छत्रीवर आपटले.

"काय झालं होतं गं?" बाबांनी विचारलं.

"वायर सैल होती."

चष्मेवाल्याला खोकला आला.

पहिला फोटो उघडला. नोंदणी कार्यालय होतं, किंवा धुकं होतं. मधोमध एक निळसर ढग उभा होता, त्याच्या शेजारी एक करडा.

"वा!" हे म्हणाले. "काय प्रकाश पकडलाय!"

"हा सह्या करतानाचा," पुढच्या फोटोवर चष्मेवाला म्हणाला. "हा मी. बहुतेक." नणंदेने त्याला कोपर मारलं. "नाही, मीच. नक्की मीच. माझ्या शर्टाची इस्त्री ओळखू येते."

बाबा ऐकत होते.

तिसरा फोटो उघडला आणि आमच्या खोट्या तारिफेची गरजच उरली नाही. नणंद हसत होती. मान मागे, डोळे मिटलेले, डावीकडच्या दाताचा तो जरासा तुटका कोपरा, कानामागून सुटलेले केस, एक न् एक वेगळा. लख्ख. पंचवीस वर्षं मी तिला बघतेय, पण इतकी बघितली नव्हती. तिने स्वतःकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

चौथा पुन्हा धुकं. पाचवा धुकं. सहावा लख्ख. मग धुकं, मग ओळीने लख्ख.

माझा हात माऊसवर थांबला. कॅमेरा तोच, लेन्स तीच, खोली तीच, काढणारा तोच. मग बदललं काय? एकच गोष्ट बदललेली असणार. मी मागे गेले, पुढे गेले. पुन्हा मागे.

"तू हसतेयस त्या सगळ्यांत," मी नणंदेला म्हणाले, आणि मग विचार करण्याआधीच माझं तोंड चालून गेलं. "बाबा, ही हसतेय तेवढेच फोटो लख्ख आलेत."

यांनी मला चिमटा काढला. उशीर झाला होता.

"तेवढेच?" बाबांनी विचारलं.

"तेवढेच," मी म्हटलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे किती असतील?"

"पुष्कळ आहेत, बाबा. काल ही गप्प होती कधी?"

आधी चष्मेवाला फुटला. मग हे. मग नणंद, मान मागे टाकून, अगदी फोटोतल्यासारखी, आणि मीही. बाबा आमच्या हसण्याकडे मान वळवत राहिले, एकेकाकडे, माणसं मोजल्यासारखे. मग त्यांचाही चेहरा सैल झाला. बऱ्याच दिवसांनी.

"लहानपणापासून अशीच हसते," ते म्हणाले. "आधी नाकातून सुरू होतं, मग घरभर. हसली की कळायचं कुठे आहे, किती लांब आहे. लेन्सच्या कडीला बोट लावलं की अंतर बोटालाच माहीत असतं, ते फिरवायचं फक्त. गप्प बसली की हरवायची. सह्या करताना किती गप्प बसलीस गं! म्हटलं, आता ही कधी हसते..."

"बाबा," नणंद म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसली.

"आणि सूनबाई, वायर सैल नव्हती. रात्री पट्टी लावताना वरचा कागद बोटाला लागला नाही. तेव्हाच शंका आली होती मला. पण म्हटलं, बघू कोण सांगतंय."

चष्मेवाल्याचं हसू अजून पुरतं थांबलं नव्हतं. दाबलं तरी घशातून बारीक निसटत होतं. बाबा त्या आवाजाकडे वळले. अगदी नेमके, छत्रीकडे नाही, तो उभा होता तिथेच.

"जावईबापू," ते म्हणाले, "मला दिसत नाही."